भुईच्या भेगेला आभाळातला आरोपी

2012 सालच्या मे महिन्याच्या अखेरीला अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, बायू कॉर्न नावाच्या छोट्या वस्तीतल्या लोकांना पाण्यातून बुडबुडे येताना दिसले. वस्ती दलदलीत वसलेली. घरामागे संथ, काळपट पाण्याचा प्रवाह, काठाला सायप्रसची झाडं, मासेमारीसाठी बांधून ठेवलेल्या होड्या. बुडबुडे एकाच जागी येत राहिले, मग आणखी काही जागी दिसू लागले. जूनमध्ये जमीन थरथरायला लागली. लुइझियानातल्या माणसाला वादळ माहीत, पूर माहीत. भुई हलणं माहीत नाही. त्या भागातून गॅसच्या पाइपलाइन बऱ्याच गेल्या आहेत, म्हणून आधी त्या तपासल्या. गळती सापडली नाही. 3 ऑगस्टला सकाळी डिझेलसारखा उग्र वास सुटला. जवळच्या दलदलीत, जिथं काल झाडी होती, तिथं चिखल आणि तेलकट पाण्याचं तळं झालं होतं. झाडं कोसळली नव्हती, उभीच्या उभी खाली गेली होती. त्याच दिवशी राज्याच्या गव्हर्नरनी आणीबाणी जाहीर केली आणि सुमारे साडेतीनशे माणसांना घरं सोडायला सांगितलं गेलं.

हे विवर पुढं वाढतच गेलं. वर्षभरानंतर, ऑगस्ट 2013 मध्ये, तिथं एक चित्रफीत काढली गेली. उंच झाडांची अख्खी रांग अर्ध्या मिनिटात सरळ पाण्याखाली जाते. फांदी मोडल्याचा आवाज नाही, काही नाही. कुणीतरी खालून पाय धरून ओढून न्यावं तशी. मी ती फीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा पोटात गोळा आला होता. म्हणून ज्यांना ती पाहून जगबुडी आठवली त्यांना मी वेडगळ म्हणणार नाही. भीती खरी होती. माझा राग आहे तो त्या भीतीला चुकीचा पत्ता देणाऱ्यांवर.

तो पत्ता आधीपासून तयार होता. निबिरू, किंवा प्लॅनेट एक्स. 1976 साली झकेरिया सिचिन या लेखकानं प्राचीन इराकमधल्या सुमेरी संस्कृतीच्या मातीच्या पाट्यांचा स्वतःचा अर्थ लावून असं मांडलं की सूर्यमालेत आणखी एक ग्रह आहे आणि तो दर 3600 वर्षांनी आत येतो. सुमेरी लिपीच्या जाणकारांना त्या पाट्यांमध्ये असं काही सापडत नाही. 1995 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या नॅन्सी लीडर यांनी आपल्याला परग्रहवासी संदेश देतात असं सांगायला सुरुवात केली आणि त्या संदेशांनुसार मे 2003 मध्ये एक मोठा ग्रह पृथ्वीजवळून जाऊन तिचे ध्रुव उलटवणार होता. मे 2003 आला आणि गेला. मग तीच भाकितं 21 डिसेंबर 2012 या तारखेला चिकटवली गेली. मग निबिरूवर पुस्तक लिहिणाऱ्या डेव्हिड मीड यांनी 23 सप्टेंबर 2017 दिली. ती चुकल्यावर ऑक्टोबर दिला.

पण तारखा चुकत गेल्या तसा या मंडळींच्या बोलण्यात एक बदल झाला. ग्रह केव्हा येणार हे सांगण्याऐवजी तो आलाच आहे, सूर्याच्या आड लपलाय आणि पृथ्वीचं कवच ताणतोय, असं सांगणं सुरू झालं. मग पुरावा हवा, तर तो पायाखाली मुबलक होता. रस्ता खचला, ग्रह. पाण्याची मुख्य वाहिनी फुटली, ग्रह. दलदलीतून बुडबुडे आले, उत्तर अमेरिका खंड धनुष्यासारखा वाकतोय. तारीख चुकली तर खोटं उघडं पडतं. खचणारी जमीन मात्र जगात रोज कुठं ना कुठं असतेच. त्यामुळं हा दावा कधीच उघडा पडत नाही. तारखेपेक्षा जास्त धोकादायक तो याचमुळं.

आता हिशेब करून पाहू, कारण हा हिशेब करायला फार मोठ्या गणिताची गरज नाही.

ग्रहानं जमीन ताणायची म्हणजे काय करायचं? नुसती ओढ लावून ताण पडत नाही. सगळी पृथ्वी सारखीच ओढली गेली तर ती सबंध सरकेल, तुटणार नाही. ताण पडतो तो एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी ओढ लागली तर. भरती-ओहोटी याच फरकानं येते. आणि हा फरक अंतरासोबत फार झपाट्यानं कमी होतो, अंतराच्या घनानं. अंतर दुप्पट झालं की परिणाम एक अष्टमांश. दहापट झालं की हजारावा हिस्सा.

चंद्र हे काम रोज करतो. त्याच्यामुळं समुद्र चढतो हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण घट्ट जमीनसुद्धा चढते, हे बहुतेकांना माहीत नसतं. चंद्राच्या ओढीनं आपल्या पायाखालची भुई दिवसातून दोनदा सुमारे 30 सेंटिमीटर वरखाली होते. घर, विहीर, डोंगर, आपण स्वतः, सगळे एकदम उचलले जातो म्हणून कळत नाही. हे कोट्यवधी वर्षं चाललंय आणि त्यानं रस्ते खचत नाहीत.

आता गुरू घ्या. सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ग्रह, पृथ्वीच्या 318 पट वजनाचा. तो जवळात जवळ येतो तेव्हा आपल्यापासून सुमारे 59 कोटी किलोमीटरवर असतो. त्याची जमीन ताणण्याची ताकद काढली तर ती चंद्राच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. चंद्र जमीन वीतभराहून जास्त उचलतो. गुरू उचलतो ती मिलिमीटरचे दोन-तीन हजारांश. केसाची जाडीसुद्धा याच्या पंचवीस-तीस पट असते.

मग निबिरूनं किती जवळ यायला हवं? समजा तो पृथ्वीएवढा, पृथ्वीसारख्याच दगड-लोखंडाचा आहे. त्यानं निदान चंद्राइतका तरी ताण द्यावा अशी अपेक्षा केली तर त्याला सुमारे 17 लाख किलोमीटरपर्यंत यावं लागेल. आणि 17 लाख किलोमीटरवरून पृथ्वीएवढा गोळा आकाशात केवढा दिसेल? जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा. हा योगायोग नाही. गणितात ताण हा त्या गोळ्याच्या घनतेवर आणि तो आकाशात केवढा दिसतो त्यावरच ठरतो. गुरूसारखा हलक्या वायूचा ग्रह असेल तर तेवढ्याच ताणासाठी तो चंद्रापेक्षाही मोठा दिसावा लागेल. म्हणजे चंद्राइतकी ओढ लावणारा ग्रह चंद्राएवढा दिसलाच पाहिजे. आणि चंद्राइतकी ओढ तर रोजच लागते, तिनं काही होत नाही. खंड वाकवायला तिच्या कितीतरी पट लागेल. असा गोळा लपत नाही. शेळ्या राखणाऱ्या पोराला तो दिसेल.

सूर्याच्या आड लपलाय म्हणावं, तर पृथ्वी सूर्याभोवती फिरते, सहा महिन्यांत आपण सूर्याच्या दुसऱ्या बाजूला असतो. शिवाय लपलेला ग्रह दिसला नाही तरी त्याची ओढ लपत नाही. 1846 मध्ये नेपच्यून सापडला तो असाच: युरेनस हिशेबाप्रमाणे चालत नव्हता, म्हणून त्याला ओढणारं कुणीतरी आहे असं गणितानं सांगितलं आणि दुर्बीण तिकडं वळवली. पृथ्वीचं कवच ताणेल एवढा ग्रह जवळ असता तर चंद्राची वाट पहिल्या महिन्यातच बिघडली असती. आपल्या घरी भिंतीवर पंचांग असतं. त्यात वर्षभर आधी छापलेली ग्रहणाची वेळ मिनिटाला जुळते. ते जुळणं हाच कुणी आगंतुक आलेला नसल्याचा पुरावा, आणि तो दर ग्रहणाला नव्यानं मिळतो.

‘नासा लपवते’ हे उत्तर यावर नेहमी मिळतं. नासाच्या वाइज या अवकाश दुर्बिणीनं अवरक्त प्रकाशात सगळं आकाश तपासलं आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहा हजार पट अंतरापर्यंत शनीएवढा आणि सव्वीस हजार पट अंतरापर्यंत गुरूएवढा अज्ञात ग्रह नाही. पण समजा नासावर विश्वास नाही. आकाश काही नासाच्या मालकीचं नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. तिथं नोकरी-शिक्षण सांभाळून दुर्बिणीला डोळा लावणारी माणसं आहेत. अशी माणसं जगभर लाखो आहेत, कित्येक धूमकेतू पहिल्यांदा त्यांनाच दिसले. एखादा नवा ग्रह दिसल्यावर गप्प बसणं त्यांच्यापैकी एकाच्याही स्वभावात बसणार नाही, हे त्यांच्यासोबत एक रात्र गारठ्यात काढलेल्या कुणालाही पटेल.

नेपच्यूनच्या पलीकडे एखादा नववा ग्रह असावा असा तर्क 2016 मध्ये बाटिगिन आणि ब्राउन या शास्त्रज्ञांनी मांडला, तोही या मंडळींनी आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा केला. तो ग्रह असलाच तर पृथ्वी-सूर्य अंतराच्या शेकडो पट लांब, आणि तिथंच फिरत राहणारा. त्याचा आपल्या रस्त्यातल्या खड्ड्याशी काही संबंध नाही.

तर ग्रह नाही. पण हे सिद्ध करून थांबायला मी हा लेख लिहायला घेतला नाही. ग्रह नाही, हे तर शाळेतला विज्ञानाचा शिक्षकही सांगेल. मला बोलायचंय ते ग्रहाच्या नावाखाली जे झाकलं जातं त्याबद्दल.

बायू कॉर्नच्या जमिनीखाली मिठाचा प्रचंड घुमट आहे, नेपोलियनव्हिल सॉल्ट डोम. पुरातन समुद्राचं मीठ गाळाच्या ओझ्याखाली दाबलं जाऊन खांबासारखं वर चढलेलं. त्यात भोक पाडून गोडं पाणी सोडतात, मीठ विरघळतं, आणि ते खारं पाणी वर उपसून रासायनिक कारखान्यांना दिलं जातं. त्यापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा होतो. खाली राहते ती पोकळी, एखादं देऊळ शिखरासकट सहज मावेल अशी. टेक्सास ब्राइन कंपनी चालवत होती ती पोकळी घुमटाच्या कडेला फार जवळ गेली होती. 2010 मध्ये दाबाच्या चाचणीत ती नापास झाली. 2011 मध्ये तिचं तोंड बंद केलं गेलं, आणि पोकळी घुमटाच्या बाहेर फुटली असण्याची शक्यता कंपनीनं राज्याच्या खात्याला पत्रानं कळवलीही होती. वरच्या वस्तीत राहणाऱ्यांना मात्र हे कुणी सांगितलं नाही. मग मिठाची पातळ भिंत फुटली, बाहेरचा दगड-गाळ पोकळीत घुसला, त्यानं कोंडलेला गॅस आणि तेल वर ढकललं. ते बुडबुडे तेच होते. आणि खालचं भरायला वरची जमीन खाली गेली.

म्हणजे या प्रकरणात एक कारण होतं, एक जागा होती, एक जुनं पत्र होतं, आणि ते पत्र वाचून गप्प बसलेली माणसं होती. हे सगळं कागदावर सापडण्यासारखं होतं, आणि सापडलं. ग्रहाला समन्स पाठवता येत नाही. ग्रहाच्या फायली मागवता येत नाहीत. ग्रहाकडून घराची भरपाई मिळत नाही. बायू कॉर्नचे रहिवासी आभाळाकडे बघत बसले नाहीत. त्यांनी सभा भरवल्या, अधिकाऱ्यांना धारेवर धरलं, दावे लावले. 2014 मध्ये त्यांच्या सामूहिक दाव्यात 4 कोटी 81 लाख डॉलरची तडजोड झाली. राज्यानं 2013 मध्ये कायदे बदलले, मिठाच्या पोकळ्या घुमटाच्या कडेपासून किती आत असाव्यात याचे नियम कडक झाले. गाव वाचलं नाही. बहुतेकांनी घरं विकून टाकली. पण पुढच्या एखाद्या वस्तीला या नियमांचा आधार राहील.

खंड वाकतोय म्हणणाऱ्यांचं त्या वेळी ऐकलं असतं तर यातलं काय झालं असतं? काहीच नाही. जग बुडणारच असेल तर कंपनीला प्रश्न विचारायचा कशाला? निबिरूचं भाकीत सरकारविरोधी, बड्या लोकांविरोधी भाषेत बोलतं, आणि म्हणून पुष्कळांना ते बंडखोर वाटतं. प्रत्यक्षात ज्यांनी जमीन पोखरली त्यांना इतका सोयीचा वकील दुसरा मिळणार नाही.

बायू कॉर्नच्याच वर्षी, मार्च 2012 मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल या गावात रात्री-अपरात्री मोठे आवाज येऊ लागले, भिंतींना कंप. लोक पायजम्यावरच रस्त्यावर आले. साडेचार हजारांचं गाव. नगरपालिकेनं गॅस तपासला, पाण्याच्या वाहिन्या तपासल्या, स्वतःच्या खर्चानं यंत्रं आणून बसवली. शेवटी अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेनं सांगितलं की 20 मार्चला तिथं दीड रिश्टरचा धक्का नोंदला गेलाय. दीड म्हणजे एरवी कुणाला कळणारही नाही असा. पण तिथं खाली सलग, जुना ग्रॅनाइट आहे. उथळ धक्क्याचा आवाज त्यातून घणाच्या घावासारखा वर येतो. या आवाजांनाही ग्रहाचं लेबल लागलंच होतं. पण गावानं मोजलं, आणि मोजल्यावर भीतीला आकार आला.

भीतीला आकार नसला की ती कुठं जाते हे आपण आपल्या देशात पाहिलंय. सप्टेंबर 2008 मध्ये जिनिव्हाजवळ हेड्रॉन कोलायडर, म्हणजे अणूच्या आतले कण एकमेकांवर आदळवणारं प्रचंड यंत्र, सुरू होणार होतं. त्यानं पृथ्वी गिळली जाईल असं आपल्या वृत्तवाहिन्यांनी दिवसचे दिवस चालवलं. मध्य प्रदेशातल्या राजगढ जिल्ह्यात सोळा वर्षांच्या एका मुलीनं विष घेतलं. त्या बातम्या पाहून ती बेचैन होती, असं तिच्या वडिलांनी सांगितलं. 2012 च्या आधी नासातले डेव्हिड मॉरिसन लोकांच्या निबिरूविषयीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. आठवड्याला किमान एक निरोप अशा मुलाचा किंवा मुलीचा येतो की भीतीनं आजारी पडलोय किंवा जीव द्यावासा वाटतोय, आणि त्यात अकरा वर्षांची मुलंही आहेत, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. अकरा वर्षांचं मूल. भाकीत सांगणारे आपली पुढची तारीख काढून मोकळे होतात. त्या मुलाची झोप त्याला कोण परत देणार?

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. ‘अफवा पसरवू नका, शांत राहा’ एवढंच बोलणारे अधिकारीही माणसं मारतात. इटलीतल्या लाक्विला शहरात 2009 मध्ये कित्येक आठवडे छोटे धक्के बसत होते. एका बड्या अधिकाऱ्यानं लोकांना निवांत राहायला सांगितलं. तिथल्या लोकांची जुनी पद्धत अशी की धक्का बसला की रात्र उघड्यावर काढायची. त्या आश्वासनानंतर कित्येक जण घरातच थांबले. 6 एप्रिलला पहाटे 6.3 चा भूकंप झाला आणि 309 माणसं गेली. शांत राहा म्हणणं म्हणजे विज्ञान नव्हे. तेही एक भाकीतच, फक्त उलट्या दिशेचं.

हे मला लाक्विलाला जाऊन शिकावं लागलं नाही. मी औसा तालुक्यातला. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. 1992 च्या पावसाळ्यापासून त्या भागात भुई हलत होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर शंभराहून जास्त धक्के नोंदले गेले, 18 ऑक्टोबरचा चार रिश्टरचा. मी तेव्हा पाचवीत होतो. आमच्या बाजा अंगणात आल्या होत्या. आजी म्हणायची शेषानं डोक्यावरचा भार बदलला. आई रात्री कंदील विझवू द्यायची नाही. मग धक्के कमी झाले, थंडी पडली, बाजा परत घरात गेल्या. आमची घरं म्हणजे दोन-दोन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर आणखी मातीचा थर द्यायचा, गळू नये म्हणून. आजोबांच्या काळापासूनचे ते थर कुणी मोजले नव्हते.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून दमून माणसं घरात झोपली होती. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंप 6.2 चा, जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात आणि माणसं वाचतात. आमची माणसं मारली ती माळवदानं. दुसऱ्या दिवशी वडील किल्लारीला गेले आणि संध्याकाळी परत आले ते नखशिखान्त पांढरे होऊन. ती माती त्यांच्या भुवयांत, कानांत गेली होती. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फावडं भिंतीला लावलं आणि शिडी लावून ते आमच्याच घराच्या माळवदावर चढले, आणि वरची माती अंगणात ढकलायला लागले. अंधार पडला तरी ढकलत होते. रात्री आम्ही सगळे त्या ढिगाऱ्याशेजारी झोपलो.

तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे भक्कम, असा समज होता. 2002 मध्ये नकाशा बदलला. कोयनेलाही 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाआधी असाच समज होता. धरणाच्या पाण्यानं भूकंपाला चालना मिळू शकते हे जगाला ठळकपणे पटलं ते कोयनेमुळं. दोन्ही ठिकाणी जमिनीनं आधी बरंच काही सांगितलं होतं. ते ऐकायला पुरेशी यंत्रं नव्हती आणि पुरेसं मनुष्यबळ नव्हतं. म्हणून भुईच्या आवाजाला आभाळातलं उत्तर दिलं की मला ते निरुपद्रवी वाटत नाही. माझ्या भागात त्या एका वर्षात, दोन धक्क्यांच्या मधल्या शांततेत, करण्यासारखं एक साधं काम होतं: माळवदावरची माती उतरवणं. शेषनाग असो की निबिरू, त्यांचं नाव घेतलं की माणूस हात जोडतो. फावडं उचलत नाही.

पालघरमध्ये नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर महिनोन्‌महिने धक्के बसत राहिले, माणसांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. तिथं निदान यंत्रं गेली, नोंदी झाल्या. पण नोंदींचा अर्थ त्या पाड्यावरच्या बाईला तिच्या बोलीत समजावून सांगणारं कुणी गेलं का, आणि तिच्या घराच्या कुडाचं काय करायचं हे कुणी सांगितलं का, हा माझा प्रश्न आहे. ज्या जागी सरकारी माणूस उत्तर घेऊन पोचत नाही, त्या जागी ग्रह पोचतो. मोबाइलवर, मराठीत, घाबरवणाऱ्या संगीतासकट.

माझी आत्या हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात असते. त्या पट्ट्यात, पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत, जमिनीतून गूढ आवाज येतात ही गेल्या कित्येक वर्षांची तक्रार आहे. 21 मार्च 2024 ला पहाटे सहाच्या सुमारास तिथं दहा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले, पहिला साडेचारचा. 10 जुलैला सकाळी पुन्हा साडेचारचा. त्यानंतर आठवड्याभरानं आत्याचा फोन आला. कुणीतरी तिला एक फीत पाठवली होती. लाल गोळा, खाली खचणारी झाडं. ती झाडं मी ओळखली. बायू कॉर्नचीच होती.

“तो ग्रह यायलाय म्हणं जवळ,” ती म्हणाली, “त्याच्यानंच भुई गुरगुरायली का रे?”

मी तिला चंद्राचं सांगितलं. तेवढी ओढ लावणारा ग्रह चंद्राएवढा दिसेल, आत्या. दिसतोय का तुला? अंगणात जाऊन आली बहुतेक, कारण थोडा वेळ नुसता पावलांचा आवाज आला. “नाही बा,” म्हणाली. मग मी तिला किल्लारीचं सांगितलं, जे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांवर अजून माळवद आहे. ते उतरवून पत्रे टाकायचं ठरलं, पैशांचं आम्ही भावंडं बघतोय.

दिवाळीत गेलो तेव्हा पत्रे पडले होते. स्वयंपाकघराच्या दाराआड एक दिनदर्शिका होती, आणि तिच्यावर जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. मला वाटलं दुधाचा हिशेब. आत्या म्हणाली, आवाज आला की ती खूण करते. एक फुली म्हणजे नुसती गुरगुर. दोन फुल्या म्हणजे फळीवरची भांडी वाजली. शेजारी वेळ लिहिलेली, आणि घड्याळ बघायचं राहिलं असेल तर ‘कोंबडं आरवायच्या आधी’ असं. जुलैपासून चार महिन्यांची पानं तिनं फाडली नव्हती.

“हे कुणाला नेऊन द्यायचं?” तिनं विचारलं.

मी तालुक्याला दोन ठिकाणी विचारून आलो. एका ठिकाणी अर्ज करा म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी साहेब रजेवर होते. त्या पानांचे मी फोटो काढून ठेवलेत. आत्या डिसेंबरच्या पानावर खुणा करतेच आहे.